बेडी अत्र्यांची, सोफा व्याह्यांचा

माझं दुसरं लग्न सडक अर्जुनी तालुक्यातल्या आमच्या गावी, धान कापून मोकळ्या झालेल्या एका बांधीत, दोन-अडीच हजार माणसांदेखत झालं. बायको संध्याकाळी सहाच्या बसनं नागपूरहून आली. साडेसहाला आमची ओळख झाली, सव्वादहाला ती माझी पत्नी झाली, बारा वाजेपर्यंत मी तिला कंटाळलो आणि पहाटे साडेचारला ती मला टाकून गेली. सहाच्या परतीच्या बसमध्ये ती मानधनाचं पाकीट मोजत बसलेली मी स्वतः पाहिली. हुंडा नाही, मानपान नाही, वकील नाही. एवढा आटोपशीर संसार माझ्या वाट्याला पुन्हा येणार नाही. आणि जिच्यामुळे तो येणार नाही, ती माझी पहिली बायको गादीच्या तिकिटावर अगदी पुढे बसून हा सोहळा पाहत होती. ते तिकीट मीच काढून दिलं होतं.

तर हे नाटक होतं. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांच्या धानाच्या मुलखात, दिवाळी संपली की मंडया सुरू होतात, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच. पुण्या-मुंबईचं नाटक अडीच तासांत संपतं. त्यात मध्यंतरात बटाटेवडाही उरकतो. आमचं नाटक रात्री दहाला सुरू होतं आणि कोंबडा आरवल्यावर संपतं. नाट्यगृह आम्ही दरवर्षी नवं बांधतो. म्हणजे बांधत नाही, खणतो. बांधीत उतार काढून खड्डा खणायचा, प्रेक्षक खड्ड्यात बसवायचे आणि निघालेल्या मातीचा रंगमंच करायचा. चहूबाजूंनी कनात मारली की झालं. प्रेक्षक खाली आणि नट वर असल्यामुळे कुणाच्या डोक्याआड काही जात नाही. चपला मात्र सरळ येतात.

या धंद्याची राजधानी म्हणजे आमच्या शेजारचं देसाईगंज, अर्थात वडसा. तिथं नाटक कंपन्यांची दुकानं ओळीनं लागलेली असतात आणि गावोगावची मंडळं तिथं जाऊन नाटक ठरवतात. पण आमच्या मंडळाला हौस मोठी. आम्ही नाटक विकत घेत नाही, स्वतः बसवतो. फक्त नट्या बाहेरून आणतो, कारण गावातल्या मुलींनी काम करावं असा ठराव आम्ही दरवर्षी एकमतानं करतो आणि आपापल्या घरी जाऊन दरवर्षी एकमतानं तो फेटाळतो.

आता चूक माझी. मी गोंदियात एका शाळेत मराठी शिकवतो. मराठी शिकवणाऱ्या माणसाला आपल्या गावाची अभिरुची सुधारावी असं चाळिशीत एकदा तरी वाटतंच. गोवर जसा लहानपणी येतो, तसं. बैठकीत मी उठून म्हणालो की दरवर्षी तेच ते खून, कुंकू आणि लावण्या पुरे झाल्या, यंदा आपण आचार्य अत्र्यांचं ‘लग्नाची बेडी’ करू.

आमचे डायरेक्टर म्हणजे निवृत्त ग्रामसेवक. त्यांनी चष्मा वर केला आणि झाडीपट्टीतले तीन मूलभूत प्रश्न विचारले.

“रडू किती आहे?”

“जवळजवळ नाहीच. विनोदी आहे.”

“गाणे?”

“घालता येतील.”

“व्हिलन कोण?”

“व्हिलन नाही. माणसाचा स्वभाव हाच त्यात व्हिलन आहे.”

ते बराच वेळ विचारात पडले. मग काळजीनं म्हणाले, “गुरुजी, स्वभावाले एन्ट्रीचं म्युझिक कसं द्याचं?”

मी त्यांना समजावून सांगितलं. फ्रान्सात मोलिएर नावाचा नाटककार होऊन गेला. इंग्रजांकडे शेरिडननं १७७७ साली ‘स्कूल फॉर स्कँडल’ लिहिलं. आपल्या देवलांचं ‘संशयकल्लोळ’सुद्धा मोलिएरकडूनच इंग्लंडमार्गे आलं. या जातीच्या नाटकात कुणी कुणाला मारत नाही. सुशिक्षित माणसं दिवाणखान्यात बसून गोड बोलतात आणि त्या बोलण्यातच एकमेकांची सालं काढतात. अत्रे त्यात आपल्याकडचे उस्ताद. ‘साष्टांग नमस्कार’, ‘घराबाहेर’ अशी नाटकं बालमोहन नाटक मंडळीला देऊन झाली आणि १९३६ साली त्यांनी ‘लग्नाची बेडी’ आणलं. संसाराला कंटाळलेले नवरे, रश्मी नावाची एक देखणी बाई आणि तिला पाहून त्या नवऱ्यांना अचानक सापडलेलं तारुण्य, एवढ्यावर महाराष्ट्र पिढ्यान् पिढ्या हसतो आहे.

“म्हणजे दुसऱ्याच्या बायकोवर डोरा ठेवणारा माणूस हाय ना त्यात?” डायरेक्टर म्हणाले. “मंग तोच व्हिलन. तुमी करा ते काम.”

अशा रीतीनं मी डॉक्टर कांचन झालो. पोस्टरवर नाटकाचं नाव आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे वाढवलं गेलं: ‘लग्नाची बेडी, अर्थात डॉक्टरच्या मुसक्या आवळल्या’. अत्र्यांची क्षमा मी मनातल्या मनात मागितली. सासवडचा माणूस, रागावले असते, पण शीर्षकावर त्यांनी स्वतःच अर्धा तास भाषण ठोकलं असतं.

तालमी शाळेच्या व्हरांड्यात होत. मी अर्थ समजावत असे आणि शेजारच्या घरची एक आजी, पंचाऐंशीच्या पुढची, भिंतीला टेकून तांदूळ निवडत ऐकत असे. एकदा मी रंगात येऊन नटमंडळींना सांगत होतो की या विनोदाची खरी धार कळायला कायदा कळला पाहिजे. अत्र्यांनी हे नाटक लिहिलं तेव्हा पुण्या-मुंबईच्या हिंदू बाईला घटस्फोटच नव्हता. बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ साली तसा कायदा केला. मुंबई प्रांतात तो यायला १९४७ उजाडलं. आपण तेव्हा मध्यप्रांतात, राजधानी नागपूर. आपल्याला १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यापर्यंत थांबावं लागलं. तोवर नवऱ्याला कंटाळा आला तर तो दुसरी आणू शके. बायकोला कंटाळा आला तर ती पोथी आणू शके. म्हणजे बेडी होती, कुलूप होतं, पण किल्ली अजून कुणी घडवलीच नव्हती.

आजीनं सुपातून वर न बघता विचारलं, “मास्तर, काडी नोयती का त्याईच्याकडं?”

“कसली काडी?”

“तणसाची. आमच्यात जमलं नाही त पंच बसत. तणसाची काडी घ्याची, मोडाची. मंग पोरीचा पाट लावाचा दुसऱ्यासंग. तुमच्या त्या डाक्टराले तणस मिरत नोयती का?”

व्हरांडा शांत झाला. काडीमोड हा शब्द मी वर्षानुवर्षं मुलांना वाक्यात उपयोग करायला देत आलो. तो मोडलेल्या काडीवरून आला आहे हे मला माहीत होतं, पण ती काडी कुणाच्या तरी हातात असते हे कधी डोक्यात आलं नव्हतं. शहाण्यासुरत्या जातींनी आपल्या बेडीची किल्ली घडवायला विधिमंडळं बसवली, तेव्हा कित्येक बहुजन जातींत ती किल्ली खळ्यावर पडलेली होती. पुढे १९५५ च्या कायद्यानंही हे मान्य केलं. कलम २९ मध्ये लिहून ठेवलं की रूढीनं चालत आलेला काडीमोड आमच्या कायद्यामुळे रद्द होत नाही. दिल्लीनं तणसाला मान दिला. हा मुद्दा मी नाटकाआधीच्या प्रास्ताविक भाषणात घ्यायचा ठरवला. प्रत्यक्षात त्या भाषणाचं पहिलं वाक्य संपायच्या आत खड्ड्यातून “नाटक चालू करा जी!” असा आवाज आला, तेव्हा तो मुद्दा तुम्हालाच पहिल्यांदा ऐकायला मिळतो आहे.

तालमी झाल्या, प्रश्न उरला सामानाचा. या जातीच्या नाटकाला तीनच गोष्टी लागतात: चहा, सोफा आणि दुसऱ्याची बायको. चहा गावात होता. दुसऱ्याची बायको नागपूरहून यायची होती. राहिला सोफा.

तुम्हाला वाटेल, सोफा काय, कुठल्याही घरात मिळेल. आमच्याकडे सोफा ही बसायची वस्तू नाही. तो लग्नात आंदण म्हणून येतो, त्यावरचं प्लॅस्टिक पहिल्या बाळाच्या बारशापर्यंत निघत नाही, आणि पाहुणा आला की त्याला खाट देतात. असा सोफा मातीच्या स्टेजवर, नटांच्या बुडाखाली द्यायला कुणी तयार होईना. शेवटी आमचे खजिनदार म्हणाले, “सोफा मी देतो. पुतण्याच्या घरी हाय. थ्री प्लस वन प्लस वन. सागवानी. मरून मखमल.” इतक्या सहज ते हो म्हणाले, तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवं होतं. खजिनदारानं काही फुकट दिल्याची नोंद मंडळाच्या वह्यांत नाही.

नाटकाची रात्र. मंडईचा बाजार भरलेला. आलूबोंडे, लाखोळीच्या डाळीचे वडे, जिलेबी, पाळणे, भोंगे. मंडई ही केवळ खरेदी नव्हे. गावच्या सगळ्या लेकी माहेरी येतात, त्यांच्या मागून जावई येतात, जावयांच्या मागून त्यांचे लग्नाचे भाऊ ‘सहज’ येतात. त्या सहज आलेल्या पोरांना सहज चहाला बोलावतात आणि चहा सहज एक मुलगी घेऊन येते. मंडई उठते तेव्हा चार-दोन सोयरिकी जमलेल्या असतात. म्हणजे बघा, ज्या रात्री निम्मा गाव लग्नं जुळवायला बसला होता, नेमक्या त्याच रात्री मी त्यांच्यापुढे लग्न ही बेडी आहे असं सांगणारं नाटक ठेवलं होतं. एका मुलीच्या बापानं मला दुपारीच बाजूला घेऊन विचारलं, “गुरुजी, पोराकडचे पाहुणे नाटकाले बसणार हायेत. ते बेडीचं जरा हरू म्हणता येईल का?”

सहाच्या बसनं दोघी नट्या आल्या. एक यामिनी, म्हणजे माझी बायको, दुसरी रश्मी. झाडीपट्टीत मुरलेल्या होत्या. यामिनीनं मला एकदा पाहिलं, “नवरा हाच का?” असं डायरेक्टरांना विचारलं आणि उत्तर ऐकून शांतपणे वहीतले संवाद वाचायला बसली. रश्मी चाळिशीची, दोन मुलांची आई. तिचा ब्लाउज सैल झाला होता. खजिनदारांच्या वहिनीनं कुठून तरी शिलाई मशीन आणून ग्रीनरूममध्ये तो पंधरा मिनिटांत आवळून दिला. हे मशीन लक्षात ठेवा.

पहिला अंक तसा बरा गेला. झाडीपट्टीचा प्रेक्षक परशुराम खुणेंसारख्या नटांच्या हातचं हसू खात वाढलेला आहे. गडचिरोलीच्या या माणसानं पाच हजारांवर प्रयोग केले आणि २०२३ साली पद्मश्री मिळवली. त्या जेवणावर वाढलेल्या प्रेक्षकाला मी कपबशी वाजवत केलेला सूक्ष्म उपरोध वाढत होतो. तो उपाशीच राहिला. लोकांनी हसायची त्यांची स्वतःची ठिकाणं शोधली. मी यामिनीला “लाडके” म्हणालो, तेव्हा बायकांच्या भागातून एवढा हशा आला की मला पुढचं वाक्य आठवेना. नंतर कळलं, त्या नाटकाला हसल्या नव्हत्या. त्या सगळ्या एकदम माझ्या खऱ्या बायकोच्या चेहऱ्याकडे वळून हसल्या होत्या.

दुसरा अंक उघडला. रात्रीचे साडेबारा. अंधारातून दिवे लागले आणि दिवाणखान्याच्या मधोमध तो मरून मखमली सोफा झळकला. रश्मी आली, सोफ्यावर रेलली, मी तिच्या शेजारी बसलो. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, “किती दिवस शोधत होतो मी...”

“मी बी!” खड्ड्यातून आवाज आला.

गादीच्या तिकिटावरचे एक पाहुणे उभे राहिले होते. साठीचे, डोक्याला गमछा, अंगावर शाल. ते माणसं ओलांडत सरळ स्टेजकडे निघाले. मला वाटलं, रश्मीचे कुणी नातेवाईक असतील, म्हणून मी तिचा हात सोडला आणि उठून उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मातीचा रंगमंच चढून ते सोफ्यापुढे गुडघ्यावर बसले, डाव्या हातावरून हात फिरवला आणि अडीच हजार लोकांना उद्देशून म्हणाले:

“हा सोफा माझा हाय! याच्यावालाच डावा हात अर्धा इंच आखूड हाय. सुताराशी भांडलो होतो मी!”

प्रकरण असं होतं. खजिनदारांच्या पुतण्याचं लग्न तीन वर्षांपूर्वी झालं होतं आणि दीड वर्षापासून सूनबाई माहेरी होती. जमत नव्हतं, ते दोघांनाही मान्य होतं. १९७६ पासून कायद्यात कलम १३-ब आहे. नवरा-बायको वर्षभर वेगळे राहत असले आणि दोघं राजी असले तर एकत्र अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं, सुटायचं. माणसांची वाटणी इतकी सोपी होती. अडलं होतं ते सामानाचं. दिवाळीआधी दोन्हीकडचे पंच बसले, तेव्हा मुलाकडच्यांनी सांगितलं की सोफ्याला उधई लागली, जाळून टाकला. आणि आता तो उधईनं खाल्लेला सोफा हजार वॉटच्या दिव्यांखाली, नागपूरच्या नटीला कुशीत घेऊन, वधूपित्याच्या डोळ्यांपुढे उभा होता. वधूपिता बहिणीकडे मंडईला आले होते. बहिणीचं घर आमच्याच गावात. सोयरिका करणाऱ्या मंडईनं मोडलेली सोयरीकही जेवायला बोलावली होती.

यानंतर ज्यानं पडदा पाडायचा त्यानं तो पाडला. पडद्याची दोरी पुतण्याच्याच हातात होती. पण घाईत त्यानं सासऱ्यालाही आत घेऊन पाडला. बाहेर एकच गोंधळ. “परदा उघडा! पैसे देलो आमी!” लोकांचं म्हणणं रास्त होतं. आत्तापर्यंतच्या नाटकात त्यांना पहिल्यांदाच पैसे वसूल होत होते. डायरेक्टरांनी कपाळावरचा घाम पुसला, ऑर्गनवाल्याला खूण केली, आणि पडदा उघडला. ऑर्गनवाल्यानं व्हिलनच्या एन्ट्रीचं म्युझिक वाजवलं. ते त्यानं महिनाभर जपून ठेवलं होतं. वाजवायला जागाच मिळाली नव्हती.

मी डॉक्टरच्या कोटात होतो, म्हणून लोकांनी मलाच न्यायाधीश समजायला सुरुवात केली. मी म्हणालो, “कायद्यात कलम २७ आहे. लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंचं काय करायचं, ते कोर्ट ठरवतं.” खड्ड्यातून कुणीतरी ओरडलं, “कोर्ट झोपलं हाय, तुमी सांगा!” खजिनदार विंगेतून म्हणाले की सारखे सोफे पुष्कळ असतात. तेव्हा मागून, जमिनीच्या तिकिटावरून, एक सुतार उभा राहिला. “सोफा माझ्याच हातचा हाय. डावा हात आखूडच झालता. आठशे रुपये बाकी हायेत त्याचे.” कुणाकडे बाकी आहेत हे त्यानं सांगितलं नाही, पण दोन्ही पक्ष एकदम गप्प झाले.

आणि मग रश्मी बोलली. म्हणजे ती बाई बोलली. वहीत नसलेलं तिचं हे पहिलंच वाक्य.

“याद कुठंय?”

आमच्याकडे लग्नाआधी देण्याघेण्याची याद करतात. वधूपित्यानं शालीखाली हात घालून खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. तीन वर्षं तो खिशात होता. बाईंनी तो दिव्याखाली धरून मोठ्यानं वाचला: सोफा एक, कपाट एक, पलंग एक, भांडी एकावन्न, शिलाई मशीन एक. वाचता वाचता त्या थांबल्या.

“शिलाई मशीनचं काय सांगितलं होतं यांनी?”

“चोरीले गेली म्हणून सांगितली जी.”

“काळी? पायाची? चाकावर पिवळी चिंधी बांधलेली?”

“होय माय!”

बाईंनी विंगेकडे पाहिलं. “संध्याकाळीच माझा ब्लाउज आवळला तिच्यावर.”

असा हशा मी झाडीपट्टीत पुन्हा ऐकला नाही. अत्र्यांना मिळाला असता तर त्यांनी त्यावर एक अग्रलेख लिहिला असता. हशा ओसरायच्या आत बाईंनी हात वर केला आणि विचारलं, “मुलगी कुठं आहे? तिला काय पाहिजे ते विचारलं का कुणी?”

कुणी विचारलं नव्हतं. दीड वर्ष पंच बसत होते, सोफ्याची लांबी मोजून झाली होती, भांडी दोनदा मोजून झाली होती. पण हा प्रश्न कुणाच्या यादीत नव्हता. बायकांच्या भागात एक मुलगी उभी राहिली. अंगावर स्वेटर, डोक्याला मफलर. स्पष्ट आवाजात म्हणाली, “मले सोफा नाही पायजे. माझी मशीन द्या.”

तेवढ्यावर मिटलं. मशीन ग्रीनरूममधून आणून तिच्यापुढे ठेवली गेली. सोफाही बापानं न्यायचा, असं दोन्हीकडच्या पंचांनी खड्ड्यात उभं राहून कबूल केलं. पुतण्या दोरी सोडून खाली आला आणि त्यानं स्वतः मशीन उचलून त्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नेऊन ठेवली. ती दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत. पण तिनं त्याच्या हातातून चाक नीट धरून घेतलं, पडू नये म्हणून. काडी कुणी मोडली नाही. मोडायचं ते आधीच मोडलं होतं.

जागेवर परतताना रश्मीबाई मला हळूच म्हणाल्या, “माझा सोफा अजून तिकडेच आहे. चला, तुमचं वाक्य कुठलं होतं?”

वाक्य मला आठवेना. पण नाटक पुढे न्यायचं होतं आणि सोफा तर आता पाहुण्यांचा. त्यांनी उदार मनानं सांगितलं, “नाटक होईस्तोवर राहू द्या.” मात्र विश्वास संपला होता. ते एका सिंगल सोफ्यावर स्वतः बसून राहिले. शाल पांघरून, पाय वर घेऊन. त्यामुळे डॉक्टर कांचनच्या दिवाणखान्यात रात्री दीडपासून एक म्हातारे गृहस्थ का बसले आहेत, याचा खुलासा नाटकात कुठेच झाला नाही. मी रश्मीच्या पायाशी बसून प्रेम व्यक्त केलं, ते बघत होते. मी पत्नीशी खोटं बोललो, ते मान हलवत होते. प्रेक्षकांनी मात्र काही मिनिटांतच ठरवून टाकलं की हे यामिनीचे वडील. आणि त्या क्षणापासून नाटक रंगलं. इतका वेळ त्यांना डॉक्टरच्या पापाला कुणी साक्षीदार सापडत नव्हता.

यामिनी हुशार. तिनं हे ओळखलं. शेवटच्या अंकात, विनोदी नाटकाच्या रिवाजाप्रमाणे, मी चूक कबूल करायची, तिनं मला क्षमा करायची आणि पडदा पडायचा, असं ठरलेलं. मी गुडघे टेकले. “यामिनी, मी चुकलो,” म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या सिंगल सोफ्याकडे धावली आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून “बाबा!” असा हंबरडा फोडला. डायरेक्टरांना महिनाभर हवं असलेलं रडू अखेर आलं. सगळा खड्डा डोळ्यांना पदर आणि गमछे लावू लागला.

पाहुणे गोंधळले. ते काही नट नव्हते. त्यांनी आधी आपल्या बहिणीकडे पाहिलं, मग बायकांच्या भागात बसलेल्या स्वतःच्या मुलीकडे पाहिलं, मग मांडीवरच्या परक्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले:

“चाल माय, घरी.”

“येते बाबा,” यामिनी म्हणाली. आणि गेली. साडेचार वाजले होते. मी गुडघ्यांवर, पुढे अडीच हजार माणसं, मागे प्रॉम्प्टर वहीची पानं उलटसुलट करत होता. तेवढ्यात पडदा पडला. टाळ्या थांबेनात. पुण्यात ‘लग्नाची बेडी’ बघून लोक आपापल्या संसारात परत जातात, असं मी वाचलं आहे. आमच्याकडे लोकांनी यामिनीला माहेरी पाठवूनच टाळ्या वाजवल्या.

ज्या पित्यानं मला बेडी हळू म्हणायला सांगितलं होतं, त्याच्या मुलीची सोयरीक त्याच पहाटे ठरली. मुलाकडच्यांची एकच अट होती: याद आत्ताच लिहू आणि दोन प्रती करू.

घरी येताना बायको काही बोलली नाही. कोट काढताना फक्त विचारलं, “मले कधी लाडके म्हटलं होतं का तुमी?”

मी म्हणालो, “ते वहीत होतं.”

“तेच म्हणते मी,” ती म्हणाली.

त्या मुलीनं आता सडक अर्जुनीत शिलाईचं दुकान टाकलं आहे. यंदाच्या नाटकाचे कपडे मंडळानं तिच्याकडेच टाकले. पैसे तिनं आगाऊ घेतले, रोख. नाटक यंदाही अत्र्यांचंच आहे, ‘मोरूची मावशी’. त्यात मावशीचं काम पुरुषानं करायचं असल्यामुळे नागपूरची एक नटी वाचेल. पण सोफा लागेलच. मंडळानं ठराव केला आहे की ज्या घरचा सोफा आणायचा, त्या घरच्या सूनबाईची सही आणायची. आतापर्यंत अकरा घरं झाली. सही मिळाली नाही.

शेवटी मी आमच्याच सोफ्याचं विचारलं. बायको म्हणाली, “न्या. पण आधी लिहून द्या, कोणाचा हाय ते.”

लिहून दिलं आहे. दोन प्रतींत.